चंद्र, ग्रह आणि तीन इंची दुर्बीण

विभागाच्या उपकरण-कोठारात तीन इंच व्यासाच्या भिंगाची एक दुर्बीण कित्येक वर्षे पडून आहे. तिचे वस्तुभिंग स्वच्छ आणि निर्दोष आहे. तिवईचा एक पाय मात्र सुतळीने आवळून ठेवावा लागतो. निर्लेखनासाठी सिद्ध केलेल्या जुन्या उपकरणांच्या यादीत यंदा तिचे नाव आले असून त्यापुढील रकान्यात ‘अध्यापनास अथवा संशोधनास उपयोग नाही’ असा शेरा आहे. हा शेरा कितपत खरा आहे याची छाननी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शेरा लिहिणाऱ्याच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. चांद्रयान-२ वरील कॅमेऱ्याने शंभर किलोमीटर उंचीवरून चंद्रपृष्ठावरील सुमारे २५ सेंटिमीटरचे बारकावे टिपले आहेत. आपल्या तीन इंची दुर्बिणीची विभेदनक्षमता फार तर दीड विकला. चंद्राच्या अंतरावर एक विकला म्हणजे सुमारे १.९ किलोमीटर, म्हणजे तीन किलोमीटरांहून लहान विवर या दुर्बिणीत वेगळे दिसणार नाही, आणि हवा अस्थिर असेल तर पाच किलोमीटरांचेही दिसणार नाही. चंद्रावर माणसाने सोडलेली सामग्री दिसेल काय, असे पाहुणे नेहमी विचारतात. ती या दुर्बिणीत तर नाहीच, पृथ्वीवरील कोणत्याही एकट्या दुर्बिणीत दिसत नाही. तेव्हा नवे विवर शोधण्याची भाषा येथे करण्यात अर्थ नाही.

परंतु याच विभागातील एक दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. दोन पदार्थांच्या गतीचा प्रश्न फळ्यावर बिनचूक सोडविणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस, ‘आज सूर्यास्तसमयी चंद्र आकाशात कोठे असेल?’ असे विचारले असता बहुतेकांस उत्तर देता येत नाही. त्यांच्या घरातील आजीला मात्र ते सहज देता येते. हा दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. ज्या आकाशाविषयी आपण शिकवतो त्याकडे बोट करण्याचा प्रसंग अभ्यासक्रमात येतच नाही.

चंद्र आणि ग्रह यांचे निरीक्षण शहरातील माणसाला आजही साधते, ही त्यातील पहिली सोय होय. तेजोमेघ आणि दीर्घिका यांना काळोखे आकाश लागते व ते शहरापासून दिवसेंदिवस दूर जात आहे. चंद्र, शुक्र, गुरू, शनी यांना रस्त्यावरील दिव्यांची फारशी बाधा होत नाही. त्यांना लागते ती हवेची स्थिरता. ही स्थिरता आणि आकाशाची स्वच्छता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे नवशिक्याच्या लवकर ध्यानात येत नाही. ज्या रात्री तारे रत्नासारखे लुकलुकत असतात ती रात्र कवीला उत्तम आणि ग्रहनिरीक्षकाला निकृष्ट. किंचित धुरकट, वारा पडलेली, जराशी कोंदट वाटणारी रात्र गुरूचे पट्टे दाखविण्यास पुष्कळदा अधिक सोयीची असते.

आता चंद्राविषयी. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून पाहून निराश झालेले अनेक जण प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे आहेत. त्या रात्री सूर्यप्रकाश आपल्या पाठीमागून सरळ पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि चंद्र चुना फासलेल्या भिंतीसारखा सपाट दिसतो. पाहण्यासारखे असते ते उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर. तेथे सूर्य नुकताच उगवत असतो व लहानशा उंचवट्याचीही छाया लांबवर पडते. सूर्य क्षितिजाच्या वर एक अंश असताना शंभर मीटर उंचीच्या टेकडीची छाया सुमारे पावणेसहा किलोमीटर लांब पडते. म्हणजे आपल्या दुर्बिणीत ती दिसते. सूर्य दहा अंश वर आला की तीच छाया पाऊण किलोमीटरहूनही कमी होते आणि टेकडी जणू पुसली जाते. चंद्रावर सूर्य ताशी सुमारे अर्धा अंश चढतो. यावरून असे दिसेल की, चंद्रावरील कित्येक ठेंगण्या गोष्टी महिन्यातून मोजके काही तासच दिसतात. १९६९ च्या जुलैत अपोलो-११ चे अवतरण झाले तेव्हा त्या स्थळी सूर्य अवघा अकरा अंशांच्या आसपास होता. वैमानिकास खड्डे ओळखता यावेत म्हणून वेळ मुद्दामच तशी निवडली होती.

मग कोणते विवर कोणत्या रात्री पाहावे? यासाठी पाश्चात्त्य ग्रंथांत कोष्टके असतात. आपल्याकडे मात्र हे कोष्टक प्रत्येक घरात खिळ्याला टांगलेले असते. त्याचा असा उपयोग होतो हे सहसा कोणी सांगत नाही. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्या भोगांतील बारा अंशांचे अंतर. अमावास्येच्या क्षणापासून पहिल्या बारा अंशांची प्रतिपदा, पुढील बारांची द्वितीया, याप्रमाणे. उलटपक्षी, चंद्रावरील सूर्योदयाची रेषाही याच अंतराच्या मापाने सरकते. अंतर शून्य असता ती चंद्राच्या ९० अंश पूर्व रेखांशावर असते, ९० अंश असता मध्यरेखांशावर, १८० अंश असता पश्चिम कडेवर. म्हणून अंतर नव्वदांतून वजा केले की सूर्योदय होत असलेला पूर्व रेखांश मिळतो; वजाबाकी ऋण आली तर तो पश्चिम रेखांश समजावा. एक तिथी सरली की रेषा बारा अंश पुढे गेलेली असते.

या साध्या हिशेबाने पंचांग हेच चंद्राचे वेळापत्रक होते. थिओफिलस विवर २६ अंश पूर्वेस आहे. तेथे सूर्योदय होतो तेव्हा अंतर ६४ अंश, म्हणजे षष्ठी चालू असते. अपोलो-११ चे स्थळ २३ अंश पूर्वेस, तेही षष्ठीचेच. शुक्ल अष्टमीस रेषा मध्यावर येऊन आपेनाइन पर्वतराजी उजळू लागते. टायको, प्लेटो, क्लॅव्हियस आणि ‘सरळ भिंत’ या नावाने ओळखला जाणारा लांबलचक कडा, ही सर्व मंडळी नवमीची. कोपर्निकस दशमीचे, गॅसेंडी एकादशीचे, अॅरिस्टार्कस द्वादशीचे. कृष्ण पक्षात हाच क्रम सूर्यास्ताचा होतो. शुक्ल चतुर्थीस ज्या रेखांशांवर सूर्य उगवतो त्याच रेखांशांवर कृष्ण चतुर्थीस तो मावळतो. संकष्टीच्या रात्री चंद्रोदयाची वाट पाहत गच्चीवर उभी असलेली मंडळी, त्यांस ठाऊक नसले तरी, अॅटलास विवराच्या परिसरातील सूर्यास्त पाहत असतात. भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा चंद्र पाहू नये असा संकेत आहे, तो पाळण्याचे काम आपल्याकडे बहुतेक वर्षी ढगच करतात.

या नियमाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पंचांगातील तिथी सूर्योदयाची असते, आपले निरीक्षण संध्याकाळचे. तेव्हा तिथीची समाप्तीची वेळ पाहूनच हिशेब करावा. दुसरे असे की, चंद्र आपले तोंड आपल्याकडे अगदी ताठ ठेवीत नाही. त्याच्या डोलण्यामुळे रेखांश सात-आठ अंशांपर्यंत इकडेतिकडे होतात, म्हणजे पाऊण तिथीच्या आसपास चूक संभवते. हा फरक उणीव मानण्यापेक्षा विद्यार्थ्याने तो मोजावा. नियमाने नवमीस दिसावयाचे विवर प्रत्यक्षात अष्टमीच्या अखेरीस का दिसले, याचे उत्तर शोधता शोधता चंद्राच्या दीर्घवर्तुळाकृती कक्षेची त्यास हाताने ओळख होते. ग्रंथालयातील जुने नकाशे वापरताना आणखी एक सावधगिरी बाळगावी: १९६१ पूर्वीच्या नकाशांत पूर्व-पश्चिम दिशा आजच्या नेमक्या उलट आहेत.

एका चांद्रमासाचे मान २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे. म्हणून आज संध्याकाळी आठ वाजता ज्या सावल्या दिसल्या त्या पुढील मासी सकाळी पावणेनऊच्या सुमारास येतील व आपल्या उपयोगी पडणार नाहीत. दोन मासांनी मात्र ५९ दिवस आणि दीड तास होतात, आणि जवळजवळ तोच देखावा त्याच प्रहरी पुन्हा येतो. एखाद्या विवराचा पाठपुरावा करावयाचा तर तो एक महिन्याआड करावा लागतो. आपल्या पावसाळ्याचे चार महिने यातून वजा केले म्हणजे एका विवराच्या एका प्रकाशस्थितीची वर्षाकाठी तीन-चार दर्शने हाती राहतात. त्यांतील एक लग्नसराईत जाते, असा अनुभव आहे.

पर्वतांची उंची मोजणे हा यातील सर्वांत आनंददायक भाग. ही रीत गॅलिलिओने १६१० साली दिली. अर्धचंद्राच्या वेळी सीमारेषेच्या पलीकडे, अंधारात, एखादे शिखर ठिणगीसारखे चमकताना दिसते. त्याचे सीमारेषेपासूनचे अंतर चंद्राच्या त्रिज्येच्या कितव्या भागाएवढे आहे ते मोजावे. पुढील काम पायथागोरसच्या सिद्धांताचे. अंतर त्रिज्येच्या विसाव्या भागाएवढे असेल तर शिखराची उंची सुमारे २.२ किलोमीटर येते. तेराव्या भागाएवढे असेल तर सुमारे पाच. गॅलिलिओने घेतलेले अंतर त्रिज्येच्या दहाव्या भागाएवढे होते; आजच्या त्रिज्येने त्याची उंची साडेआठ किलोमीटरांवर जाते, आणि ही फार झाली. आपल्या विद्यार्थ्याचे उत्तर गॅलिलिओच्या उत्तरापेक्षा बरे येण्याचा संभव असलेले असे प्रयोग भौतिकीत फार नाहीत.

पिधानांविषयी दोन शब्द पुरेत. रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा हे चार ठळक तारे चंद्राच्या वाटेवर आहेत व वेळोवेळी त्याच्याआड जातात. चंद्राच्या काळ्या कडेशी तारा मंद होत नाही; एका क्षणी असतो आणि दुसऱ्या क्षणी नसतो. चंद्राला वातावरण नाही हे वाक्य ज्याने शंभर वेळा वाचले आहे तोही हे प्रथम पाहताना दचकतो.

ग्रहांकडे वळताना मोजमापे ध्यानात ठेवावीत, म्हणजे अपेक्षाभंग होत नाही. गुरूचे बिंब ३० ते ५० विकला, शनीचे २० विकलांच्या आत, त्याची कडी टोकापासून टोकापर्यंत सुमारे ४० विकला. शुक्र १० विकलांपासून ६० विकलांपर्यंत वाढतो आणि वाढता वाढता कोरीसारखा बारीक होतो. १६१० साली याच कलांनी टॉलेमीच्या ग्रहमालेचा निकाल लावला. बुध दिसला म्हणजे झाले.

मंगळाची गोष्ट जरा विस्ताराने सांगावी लागेल, कारण प्रस्तुत विषयाचे मर्म तीत आहे. त्याचे बिंब बहुतेक काळ इतके लहान असते की, पाहणाऱ्याच्या पदरी नारिंगी ठिपक्यापलीकडे काही पडत नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये ते २५ विकलांवर गेले होते. २०१८ च्या जुलैत २४ विकलांवर गेले, पण तेव्हा सबंध ग्रह धुळीच्या वादळाने झाकलेला होता आणि निरीक्षकांनी कपाळाला हात लावला. २०२७ च्या फेब्रुवारीतील प्रतियुतीत ते १४ विकलांच्याच आसपास राहते. पुन्हा मोठे बिंब २०३५ च्या सप्टेंबरात. अशा या इवल्या बिंबावर १८७७ साली स्कियापारेल्ली यांस रेषा दिसल्या आणि पुढे पर्सिव्हल लॉवेल यांनी त्यांचे कालव्यांचे जाळे काढून त्यावर एक प्रगत पण पाण्याला मोताद झालेली मनुष्यसृष्टी वसविली. १९०३ साली मॉन्डर यांनी ग्रिनिच येथील शाळेतील मुलांपुढे ठिपके आणि अस्पष्ट छटा असलेली चित्रे ठेवली. दूर बसलेल्या मुलांनी त्यांवरून रेषा काढल्या. १९०९ साली अँटोनियाडी यांनी म्यूदाँ येथील ८३ सेंटिमीटर दुर्बिणीतून पाहिले, तो कालवे विरघळून तेथे अनियमित ठिपके उरले. लॉवेल अप्रामाणिक नव्हते. डोळा विभेदनाच्या सीमेवर आला की दिसणे आणि मानणे यांतील भेद त्याला उरत नाही, इतकेच.

दुसऱ्याची चूक सांगितली तेव्हा स्वतःचीही सांगणे न्याय्य होईल. २००९ च्या एप्रिलमध्ये प्रस्तुत लेखकाने एका मित्राच्या चार इंची दुर्बिणीतून शनीचे चित्र काढले. त्या वर्षी कडी जवळजवळ मिटत आली होती. सप्टेंबरात ती पूर्णपणे कडेवर आली. चित्र मोठ्या अभिमानाने एका वयोवृद्ध हौशी निरीक्षकांस दाखविले. त्यांनी चष्मा कपाळावर सारून ते बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, “हे तुम्ही पाहिलेत, की काढलेत?” प्रश्नाचा रोख तेव्हा उमगला नाही. घरी येऊन हिशेब केला. कड्यांची उघडीप चारेक अंशांची. संपूर्ण लंबवर्तुळाची उंची तीन विकलांहून कमी. बिंबाच्या समोरून जाणाऱ्या भागात कॅसिनीच्या फटीची रुंदी विकलेच्या विसाव्या भागाइतकी. आणि चित्रात ती फट चहूबाजूंनी, सलग, सुरेख काळ्या रेषेने काढलेली होती! ती रेषा पाठ्यपुस्तकातून हातात आली होती. दुर्बिणीतून आलेली नव्हती. ते चित्र अद्याप जपून ठेवले आहे.

अशा प्रसंगाचा उपयोग अध्यापनास नाही असे ज्यांस वाटत असेल त्यांच्याशी वाद घालण्याची इच्छा नाही. परंतु आपले विद्यार्थी उद्या ज्या यंत्रांवर काम करतील तेथेही संकेत आणि गोंगाट यांच्या सीमेवर हाच प्रश्न उभा राहतो. मात्र तेथे तो संगणकाच्या पडद्याआड असतो आणि विचारणारे वृद्ध गृहस्थ जवळ नसतात.

राहता राहिले संशोधन. १९३३ च्या ऑगस्टमध्ये शनीवर मोठा पांढरा डाग प्रथम दिसला तो विल हे या इंग्रज विनोदी नटाला, स्वतःच्या सहा इंची दुर्बिणीतून. १९ जुलै २००९ रोजी गुरूवर आघाताचा काळा व्रण प्रथम ओळखणारे अँथनी वेस्ली हे ऑस्ट्रेलियातील एक हौशी निरीक्षक. त्यांनी कळविल्यावर मोठ्या वेधशाळांनी आपल्या दुर्बिणी तिकडे वळविल्या. जूनो यान २०१६ पासून गुरूभोवती फिरू लागले, तेव्हाही त्याच्या कामास हौशी निरीक्षकांच्या पृथ्वीवरून घेतलेल्या चित्रांची जोड लागली. कारण जवळ गेलेल्या यानास एका वेळी ग्रहाचा थोडाच भाग दिसतो. अर्थात वेस्ली यांची दुर्बीण साडेचौदा इंची होती व तीस कॅमेरा होता, आपली तीन इंची आहे. तेव्हा शोधांची आशा दाखवून ती यादीतून सोडविणे योग्य होणार नाही.

तिच्याकडून होण्याजोगे एक काम मात्र नक्की आहे. गुरूचा पहिला उपग्रह आयो सुमारे साडेबेचाळीस तासांनी गुरूच्या छायेत शिरतो. प्रतियुतीनंतर त्याचे छायेतून बाहेर येणे दिसते. या क्षणांची नोंद तीन महिने ठेवली तर त्या एकसारख्या अंतराच्या हिशेबाहून उशिरा, उशिरा होत जातात. पृथ्वी या काळात गुरूपासून जवळजवळ चौदा कोटी किलोमीटर दूर गेलेली असते आणि प्रकाशाला तेवढे अंतर तोडण्यास साडेसात मिनिटे लागतात. १६७६ साली रोमर यांनी यावरूनच प्रकाशास वेग आहे हे दाखविले. गुरूची कक्षा दीर्घवर्तुळाकृती असल्यामुळे एक दुरुस्ती करावी लागते. ती काही मिनिटांची असू शकते, म्हणून वगळून चालत नाही. दुर्बीण, घड्याळ आणि केप्लरचे समीकरण, एवढ्या साहित्यावर पदव्युत्तर वर्गातील दोघातिघांस एका हिवाळ्याचे काम पुरेल.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या साहाय्याने महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. तेथील वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती. १९१२ साली नेगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढे त्याच शहरात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि आकाश पाहण्याची परंपरा हौशी लोकांनी, लहान दुर्बिणींवर, चालविली. मोठ्या उपकरणास मोठा माणूस लागतो व तो गेला की उपकरण जाते. तीन इंची दुर्बिणीस फक्त गच्ची लागते.

निर्लेखन समितीकडे प्रस्तुत लेखकाने लेखी विनंती केली आहे. निर्णय व्हावयाचा आहे. तोपर्यंत तिवईच्या पायास नवा स्क्रू बसविण्याची परवानगी मिळाली आहे. येत्या शुक्ल पक्षात षष्ठीपासून दशमीपर्यंत रोज सायंकाळी सात वाजता दुर्बीण विभागाच्या गच्चीवर लावण्यात येईल. येणाऱ्यांनी जाड कागद, मऊ पेन्सिल आणि पाच सेंटिमीटर व्यासाची आधीच काढलेली दोन वर्तुळे आणावीत. चित्राखाली तारीख, वेळ, तिथी, हवेची स्थिती आणि वापरलेले नेत्रभिंग यांची नोंद करावी. चंद्राचा छापील नकाशा मात्र चित्र पुरे होईपर्यंत खाली वर्गातच ठेवावा.